खारं लागलेलं तांबं

चारठाणे, तालुका जिंतूर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६४

दादा,

अक्षर ओळखून कागद बाजूला ठेवू नका, एवढीच पहिली विनंती. अक्षर तुम्हीच लावलेलं आहे. मदरशात माझं सगळं उर्दूत झालं. मराठी बाराखडी तुम्ही ओट्यावर राख पसरून माझ्या बोटानं गिरवून घेतलीत. त्याच अक्षरात दोन वर्षं तुम्हाला एक ओळ लिहायला जमलं नाही.

इकडे सर्व खुशाल. जोंधळा कमरेला लागला आहे. पार्वतीचं दुखणं गेलं, घरचं सगळं आता तीच पाहते. आईच्या श्राद्धाला दुपार कलेपर्यंत तुमची वाट पाहिली, मग पानं वाढली. हैदराबादेत लढाईमुळे धान्याचे हाल आहेत असं ऐकतो. सांगाल तर सेलूहून रेल्वेनं जवारी पाठवतो.

तुमची नाणी नीट आहेत. पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्या करदोड्याला आहे.

एक विचारायचं होतं. जिंतूरला एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडेही थोडी जुनी तांब्याची नाणी आहेत. त्यांच्यावर म्हणे हिरवी पूड धरायला लागली. जुन्या तांब्यावर तो गर्द, गुळगुळीत हिरवा रंग असतो, तो तुम्ही मला दाखवला होता. ही पूड तशी नव्हे. फिकट आहे, बोटाला लागते. पुसली की जाते, चार दिवसांत पुन्हा येते आणि तिच्याखाली नाण्याला खळगा पडतो. तिकडे तुमच्या नोकरीच्या दफ्तरात कुणी जाणकार असेल तर विचारून कळवावं. त्या गृहस्थांना लय काळजी लागली आहे.

बन्सीधर

—

चारठाणे
पौष वद्य तृतीया

दादा,

उत्तर आलं नाही. जिंतूरला असा कुणी गृहस्थ नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. पूड तुमच्याच नाण्यांवर आहे. जी ऐंशी मी घासली त्यांच्यावरच आहे, बाकीच्यांना काही नाही.

त्या दिवाळीचं मी कधी सांगितलं नाही आणि तुम्ही ऐकायला थांबला नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या ताटात नाणी ठेवायची होती. तुम्ही दुसऱ्या दिवशी येणार होता. वाटलं, दादांची नाणी लखलखीत करून ठेवावी, आल्या आल्या बघतील. नांगराला लागलेली, देवळाच्या पडक्या ओवरीत सापडलेली, कुणाच्या म्हातारीच्या कमरेच्या पिशवीतली, अशी वीस वर्षं गावोगाव हिंडून जमवलेली तुमची नाणी. मी चिंच घेतली, मूठभर मीठ घेतलं, वर विटकरीचा भुगा. विहिरीवर बसून दुपारभर घासत होतो. बोटं सोलली. पण सोन्यासारखी दिसायला लागली हो!

तुम्ही आलात. ताटातली शिवराई उचललीत. तिच्यावर दोन ओळींत ‘छत्र’ आणि ‘पति’ असतं, त्यातली वरची ओळ माझ्या विटकरीनं खाल्ली होती. तुम्ही म्हणालात, “छत्र गेलं, पति राहिला.” मला थट्टा वाटली. मी हसलो. तुम्ही नाणं ठेवलंत, पायातला जोडा काढलाच नव्हता, तसेच फिरलात. पार्वतीनं पाट मांडला होता. मी वेशीपर्यंत मागं आलो, हे तुम्हाला माहीत नाही. हाक मारली नाही, कारण मला राग आला होता. भावापेक्षा तांबं मोठं झालं का, असं वाटत होतं. ते आजही थोडं वाटतं. लिहायचंच आहे तर खरं लिहितो.

आता पुडीचं. यंदा मुगाच्या रिकाम्या वावरात खतासाठी बिरू धनगराच्या मेंढ्या बसवल्या आहेत. त्याची बायको ठरलेली जवारी न्यायला आली तेव्हा मी ओट्यावर नाणी मांडून फडक्यानं पुसत होतो.

“मालक, काय पुसायलाव?”

“मळ धरलाय.”

तिनं टोपली खाली ठेवली आणि न विचारता एक नाणं उचललं. दोन बोटांनी, कडेनं. तुम्ही धरता तसं, दादा. मला अजून तसं धरता येत नाही. उन्हात तिरकं करून पाहिलं, जिभेच्या शेंड्याला लावलं आणि थुंकली.

“ह्यो मळ न्हाई. दुखणं हाय. मळ वरून बसतो, ह्ये आतून यायलंय. खारं लागलंय याला. मिठात घातलं व्हतं का?”

मी फडकं पुन्हा नाण्यावर फिरवलं.

“म्होरक्या मेंढीच्या गळ्यातल्या घंटीला असंच व्हतं. मेंढरास्नी मीठ चारतो आमी, ते खारं तोंड घंटीला लागतंय. पुसून जात न्हाई ते. पुसायलाव तेवढं वाढतंय.”

धनगरणीनं ओट्यावर बसून मला शिकवावं, हे सोसलं नाही. नाणी गोळा करून मी आत गेलो. चार दिवसांनी पेटी उघडली तर एका नाण्याची कड माझ्या नखानं तुटली. भिजलेल्या भाकरीसारखी तुटली.

मग मीच वावरात गेलो. विचारलं, यावर इलाज आहे का? ती म्हणाली, “हाय. पन लय दिवसांचा. तुमाला दम हाय का?”

बन्सीधर

—

चारठाणे
माघ वद्य सप्तमी

दादा,

तिचं नाव कासाबाई. मागच्या पत्रात मी तिला बिरूची बायको लिहिलं होतं, कारण नाव विचारलंच नव्हतं. वय पस्तिशीचं असेल. आठवड्यातून एकदा नीट पोटभर जेवत असेल की नाही, कोण जाणे. पण जनावराच्या अंगावर हात ठेवला की त्याला कुठं दुखतं ते तिला कळतं, असं बिरू सांगतो, आणि आता माझाही विश्वास बसला आहे.

पहिल्या दिवशी तिनं ऐंशी नाणी घोंगडीवर पसरली आणि निवडायला बसली. लय आजारी वेगळी, थोडी आजारी वेगळी, नुसता संशय असलेली वेगळी. मी म्हटलं, सगळी एकदमच धुऊ. तर माझ्याकडे बघून म्हणाली, “मालक, खुरी आलेलं मेंढरू आन् धडधाकट मेंढरू तुमी एकाच वाड्यात बांधताव का?” तुमची न घासलेली नाणी तर तिनं त्या खोलीतूनच हलवली.

मग पाणी. आपल्या विहिरीचं पाणी तिनं चाखून ओतून दिलं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे पार्वती वर्षानुवर्षं सांगते, पण नाण्यांनाही ते नडेल हे कुणाच्या डोक्यात येणार? ओढ्याच्या वरच्या अंगाला झरा आहे, त्याचं गोडं पाणी कासाबाई रोज हंड्यानं आणते. तांब्याचा हंडा आहे तिचा, उजळ, तळहातानं घासून घासून मऊ झालेला. डोक्यावर हंडा, काखेत लेकरू, आणि चालताना पाणी हिंदकळत नाही.

त्या पाण्यात नाणी भिजत घालायची, मातीच्या परळांत. दुसऱ्या दिवशी पाणी ओतून नवीन घालायचं. असं चाळीस दिवस. मी विचारलं, चाळीसच का? म्हणाली, “तवर खारं निघतंय. न्हाई निघालं तर आनिक चाळीस.” रोज ती ओतायच्या पाण्याचा एक थेंब जिभेवर घेते आणि मान हलवते. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा म्हणाली, “कमी व्हायलंय.” मला इतका आनंद झाला की मी धावत आत जाऊन पार्वतीला सांगितलं. पार्वती म्हणाली, “लेकरू झाल्यासारखं सांगायलाव.”

खळग्यातली पूड ती बाभळीच्या काट्यानं काढते. मी दाभण दिला तर घेतला नाही. लोखंड तांब्याला ओरबाडतं, काटा तांब्यापुढं हरतो, म्हणून काटाच. एका नाण्याला तिला सबंध सकाळ लागली. मी समोर बसलो होतो. तिनं श्वास सोडला तेव्हा नाण्यावर एक लहानसा हत्ती उभा होता, सोंड वर केलेला. तुम्ही मला तो हत्ती दाखवायचा प्रयत्न केला होता आणि मला तो कधी दिसला नव्हता. खरं सांगतो, तुम्हाला नाण्यांत एवढं काय दिसतं ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. शिकवलं एका बाईनं, जिला एक अक्षर वाचता येत नाही.

भिजवून झालं की चुलीच्या वैलावर, गरम राखेशेजारी सुकवायची. पाण्याचा अंश राहता कामा नये. आणि मग शेवटचं, जे तिच्या बापानं, सटवाजीनं तिला दिलं. कातरलेली लोकर पाण्यात उकळते. पाणी निवलं की वर पिवळसर चरबी धरते. ती काढून तीन वेळा गोड्या पाण्यात धुते, वास जाईपर्यंत. फडक्याच्या टोकानं त्या चरबीचा पुसट हात नाण्यावर फिरवते. दिसत नाही, पण पाण्याचा थेंब टाकला तर अळूच्या पानावर पडल्यासारखा पळतो. सटवाजीची कातर तिनं मला दाखवली. चाळीस वर्षांची आहे, गंजाचा ठिपका नाही.

एक चूक झाली, तीही लिहितो. तुमचे दहा रुपये, ते चांदीचे मोगलाई, ते कुणी न सांगता तिनं घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले होते. महिन्यानं सोडले तर काळेठिक्कर. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “माझं चुकलं, मालक. शेळीला मानवतं ते मेंढीला मानवत न्हाई, ह्ये ठावं असून चुकले. लोकर तांब्याची हाय, चांदीची न्हाई.” रुपये लगेच सुती फडक्यात घातले. काळेपणा वरवरचा आहे, निघेल असं वाटतं, पण मी त्यांना हात लावणार नाही. चूक झाल्या झाल्या, समोरच्या तोंडावर, सरळ शब्दांत सांगून टाकणारं माणूस मी आपल्या घरात पाहिलं नाही. मी तर दोन वर्षं घेतली.

अजून अकरा दिवस राहिलेत. दोन दिवसांची रजा काढून येऊन पाहा, एवढंच मागतो.

बन्सी

—

चारठाणे
फाल्गुन वद्य दशमी

दादा,

तुमचं कार्ड आलं होतं. एकच ओळ होती. “त्या नाण्यांविषयी मला पुन्हा लिहू नये.”

त्यानंतर मी काय केलं ते लिहिल्याशिवाय आता मला अन्न गोड लागणार नाही. वाचा आणि हवं तर जन्मभर बोलू नका.

कार्ड वाचलं आणि डोकं फिरलं. वाटलं, महिनाभर ज्यांच्यापुढं मी बसलो, त्यांच्यापायीच भाऊ गेला. जाऊ दे, ती राहायलाच नकोत. परळांतून ओलीच काढली, पिशवीत भरली आणि जिंतूरच्या बाजाराला गाडी जात होती तिच्यात बसलो. मुंजाजी तांबटाच्या दुकानात पिशवी रिकामी केली. लढाईपायी तांबं मिळत नाही, जुनं पुराणं तो सगळं घेतो आणि वितळवतो. बदल्यात काय मिळालं ते मी घेतलंही नाही, “राहू दे” म्हणालो आणि मागं न बघता आलो.

दुसऱ्या दिवशी कासाबाई पाणी बदलायला आली. परळ कोरडे. पार्वतीनं तिला सांगितलं, मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. तिनं परळ उचलून पालथे घातले आणि गेली. मला वाटलं, सुटलो. दोन दिवसांनी मेंढ्याही वावरातून हलल्या.

पंधरा दिवस काढले. मग एका सकाळी आपोआप पाय जिंतूरकडे वळले. मनात होतं, एखादं तरी उरलं असेल.

मुंजाजी म्हणाला, “ती व्हय? ती तर दुसऱ्याच दिवशी गेली. एक धनगरीण आली व्हती पायी. म्हनली, मालकाची नाणी चुकून आली. मी म्हनलं, बाई, चुकून कशी, त्यानं सवता आणून टाकली. आता देत नसतो. तर तिनं डोईवरचा हंडा खाली ठिवला. म्हनली, तांब्याला तांबं घे. हंडा जास्त भरतोय, वरचं बी तुझंच.”

दादा, ती हंडा बरोबर घेऊनच गेली होती. म्हणजे आपल्या ओट्यावरून निघाली तेव्हाच तिनं ठरवलं होतं. आठ कोस चालली, काखेत लेकरू.

मी विचारलं, हंडा कुठाय? त्यानं भट्टीकडे बोट केलं. कापून वितळवून झाला होता. एक तळहाताएवढा तुकडा मात्र त्यानं बाजूला ठेवला होता. त्याच्यावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, ‘सटवाजीकडून कासाबाईस’. मुंजाजी म्हणाला, “बापानं लेकीला दिल्यालं दिसतंय. यावर हातोडा पडंना बघा.” तो तुकडा मी मागून घेतला.

मग तिला शोधत निघालो. माझ्या वावरात दोन महिने राहिलेल्या माणसांचा पुढचा मुक्काम कुठं, हे मला माहीत नव्हतं. येलदरीच्या अंगाला दोन दिवस हिंडलो. शेवटी एका गाडीवानानं सांगितलं, देवगाव फाट्याजवळ मेंढरांचा एक वाडा उतरलाय.

तिथंच होती. मेंढ्या चरायला गेल्या होत्या, ती कोकरांना पाजत होती. पाणी मडक्यात होतं. पालाच्या सावलीला परळ मांडलेले, त्यांत तुमची नाणी. ओळीनं, निवडून, जशी माझ्याकडे होती तशीच.

मी खाली बसलो. म्हटलं, “कासाबाई, हंडा कामून दिलास? तुझी काय लागत होती ती नाणी?”

तिनं कोकरू सोडलं. “काईच लागत न्हवती. पन दवा चालू असल्यालं जनावर कुनी खाटकाला देतं का? पस्तीस दिस झाले व्हते, मालक. खारं निघत आलं व्हतं.”

“पण हंडा?”

“पानी मडक्यात बी येतं.”

मी तुकडा काढून दिला. तिनं बोटं फिरवली. म्हणाली, “बापाचं नाव हाय, ह्ये ठावं हाय. कुठलं अक्षर कुठलं ते ठाव न्हाई.” मी तिचं बोट धरून एकेका ठिपक्यावरून नेलं. स, ट, वा, जी. दोनदा नेलं. तिसऱ्यांदा तिनं माझा हात बाजूला केला आणि आपलं आपण वाचलं. मग पदर डोळ्याला लावला आणि लगेच कोकराकडे वळली.

मी परळांकडे बोट करून म्हटलं, “नाणी दे, घेऊन जातो. पुढचं मी करतो.”

“न्हाई.”

“अगं, माझ्या घरची आहेत.”

“तुमच्या भावाची हाईत. तुमी एकडाव भट्टीत टाकलीत. मी पुन्यांदा तुमच्या हाती देनार न्हाई. ज्यांची हाईत त्यांनी यावं, त्यांच्या हातात मोजून देईन. तवर मी ऱ्हाते हितं. बिरूला सांगितलंय, पाडव्यानंतर बी पंधरा दिस हलायचं न्हाई.”

आपल्या वावरात मेंढ्या बसवणाऱ्या बाईनं पाटलाच्या पोराला तोंडावर ‘नाही’ म्हणावं! मला राग यायला हवा होता. मी हात जोडून उठलो. तिचं बरोबर होतं.

दादा, माझ्यासाठी येऊ नका. मला ते मागायचा हक्क नाही. पण ती बाई मडक्यानं पाणी आणतेय आणि तुमची वाट बघतेय. सेलूला उतरून देवगाव फाटा विचारा, कुणीही सांगेल. नाणी घ्या आणि तिथूनच परत गेलात तरी चालेल.

बन्सी

—

चारठाणे
चैत्र वद्य षष्ठी, शके १८६५

दादा,

तुम्ही गेल्याला आठ दिवस झाले. पार्वती अजून जेवताना म्हणते, “भावजींनी दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं.” तिचा दोन वर्षांचा उपास सुटल्यासारखा झाला आहे.

तुम्ही येणार हे तुम्ही कळवलं नव्हतंत. मी रोज फाट्यावर जाऊन लिंबाखाली बसत होतो, हेही मी तुम्हाला सांगितलं नाही. छत्री घेतलेला माणूस सेलूच्या वाटेनं येताना दिसला आणि चालीवरून ओळखलं. पण पुढं आलो नाही. कासाबाईनं मला आधीच बजावलं होतं, “ते आले तर तुमी लांब ऱ्हावा. आदी माझं काम हाय.”

म्हणून जे पाहिलं ते लांबून पाहिलं. तुम्ही घोंगडीवर बसलात. तिनं एकेक नाणं तुमच्या तळहातावर ठेवलं, तुम्ही ते डोळ्याजवळ नेलंत आणि खाली मांडलंत. ऐंशीतली सत्त्याहत्तर उभी राहिली, तीन आतूनच संपली होती. ती तीनही तिनं चिंधीत बांधून तुम्हाला दिली. फेकून दिली असती तर कुणाला कळलं असतं? ऊन डोक्यावर आलं तरी तुम्ही दोघं उठला नाहीत. मधेच तुम्ही पिशवीतून कागद काढून काही लिहायला लागलात. जन्मापासून तुम्हाला पाहतोय, पण तुम्ही दुसऱ्याचं ऐकून लिहून घेताना कधी पाहिलं नव्हतं. त्या साऱ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं वाऱ्यावर माझ्यापर्यंत आलं. तुम्ही विचारलंत, “कासाबाई, हे सगळं तुम्ही शिकलात कुणाकडं?” ती म्हणाली, “मेंढरांकडं. आन् थोडं बापाकडं.”

तुम्ही तिला ‘तुम्ही’ म्हणालात. त्या दिवसापासून मीही म्हणतो.

मग तुम्ही उठून माझ्याकडे आलात. मला वाटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. आणि तुम्ही गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणालात, “बन्सी, पेटी तुझ्याकडंच राहू दे. हैदराबादला माझी खोली ओलसर आहे.” कासाबाई तिकडून बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही, म्हणजे त्यांची हरकत नव्हती.

दादा, तुमची खोली ओलसर नाही. पार्वती आणि मी तिथं आठ दिवस राहून आलोय. माडीवर आहे, दिवसभर ऊन येतं.

घरात ठेवलेल्या आईच्या तांब्याच्या हंड्याचं तुम्ही जाताना सांगितलंत, अर्धा तुझा, अर्धा माझा, दोघांचा मिळून कासाबाईंना दे. दुसऱ्याच दिवशी निघालो. गाडी जुंपायला सांगणार होतो, मग वाटलं, त्या जिंतूरला गाडीनं गेल्या नव्हत्या. हंडा खांद्यावर घेतला आणि भर दुपारी पेठेतून निघालो. तिथल्या आबासाहेबांनी आपल्या ओट्यावरून विचारलं, “का बन्सीधर, पाणी भरायला लागलाव का?” मी म्हटलं, “होय.”

कासाबाईंनी हंडा घेतला तो आधी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. मग पालथा करून बूड पाहिलं. मग त्यात मडक्यातलं पाणी ओतून बाजूला ठेवला आणि आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळानं बुडाला एक थेंब आला.

“पाझरतोय,” त्या म्हणाल्या. “मुंजाजीकडून ठोकून आना. मंग घेते.”

मी हंडा पुन्हा खांद्यावर घेतला आणि जिंतूरला गेलो. मुंजाजीनं बूड बसवलं, पैसे घेतले नाहीत. वर कोरलेलं आईचं नाव पुसून कासाबाईंचं घालू का, असं त्यानं विचारलं. मी परत येऊन त्यांना विचारलं, तर मलाच रागावल्या. “तुमच्या आईचं नाव कामून पुसायचं? ऱ्हाऊ द्या. मला आता वाचता बी येतंय थोडं.”

काल त्यांचा वाडा हलला. निघताना त्यांनी मला चरबीचं एक गाडगं दिलं आणि चार गोष्टी बजावून सांगितल्या. पेटी जमिनीला टेकवायची नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून एकेक नाणं बघायचं. घामाच्या हातानं शिवायचं नाही. आणि हिरवं दिसलं तर लपवायचं नाही. शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

बन्सी

—

चारठाणे
श्रावण शुद्ध नवमी

दादा,

घाईनं लिहितोय, टपाल दुपारी निघतं.

चार दिवस झड लागली होती. आज उघडीप मिळाली म्हणून सकाळी पेटी उघडली. दोन नाण्यांवर हिरवं आलं आहे. एक ते हत्तीचं, सोंडेच्या खाली, मोहरीएवढं. दुसरी एक शिवराई, तिच्या कडेला. बाकीची पंचाहत्तर पुन्हा पुन्हा पाहिली, स्वच्छ आहेत. चांदीचे रुपये फडक्यात आहेत, काळे होते तेवढेच आहेत.

दोन्ही नाणी वेगळी काढली. अंगणात परळ ठेवून पावसाचं पाणी धरलं होतं, त्यात भिजत घातली. बाभळीचा काटा आणला आहे, पण हत्तीला हात लावायचं धाडस अजून होत नाही. चूक माझीच असावी. मागच्या पंधरवड्यात नाणी पाहून पुन्हा राखेशेजारी सुकवताना मी घाई केली, राख पुरती गरम नव्हती.

बिरूच्या मेंढ्या यंदा कुठं आहेत ते विचारायला आज माणूस पाठवला आहे. कासाबाई सापडल्या तर त्यांना घेऊन येईन, नाही सापडल्या तर चाळीस दिवस मीच पाणी बदलेन.

ही दोन नाणी मी सकाळी पाहिली आणि आता दुपारचे बारा वाजलेत. तुम्हाला राग येईल. आला तर कार्ड टाकू नका, रजा काढून या आणि समोर बसून रागवा. पार्वतीनं तुमच्यासाठी पाट आत्ताच काढून ठेवला आहे.

तुमचा
बन्सी